वाटेत जत्रा लागली तर: ओर्बिगोचा पूल आणि 1434 ची झुंज

प्रश्न दोघी बहिणींचा आहे. थोरली अठ्ठावन्न वर्षांची, धाकटी चौपन्नची. 2027 च्या मे-जूनमध्ये त्या फ्रान्सच्या सीमेवरच्या सें-जाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंत, ‘कामिनो’ नावाच्या जुन्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेने, चालत जाणार आहेत. लेओन शहराच्या पुढे ओस्पिताल दे ओर्बिगो या गावात जूनच्या सुरुवातीला मध्ययुगीन उत्सव भरतो, असं त्यांच्या कानावर आलं. थोरली म्हणते, तारखा जुळवून घेऊ. धाकटीचं म्हणणं, आपण यात्रेला निघालोय, जत्रेला नाही, तो दिवस टाळूनच जाऊ. दोघींनी मिळून मला विचारलंय की काय करावं.

मी ही वाट पाच वेळा चाललेय आणि त्यात दोनदा हा उत्सव पाहिलाय. पहिल्या वेळी मला त्याची काही कल्पनाच नव्हती. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या दिवसात आहे, म्हणून आधी तो दिवस सांगते.

लेओन सोडल्यावर जमीन अगदी सपाट होते. मक्याची शेतं, पाटाचं पाणी, हमरस्त्याच्या कडेने जाणारी खडीची पायवाट. ओर्बिगो नदी जवळ आली की उंच खांब आणि तारांवर चढवलेल्या हॉप्सच्या वेली दिसू लागतात. त्या दिवशी तीसेक किलोमीटर चालून मी पुलाच्या अलीकडच्या पुएन्ते दे ओर्बिगोत पोहोचले. पाय भरून आले होते, डोक्यात फक्त अंघोळ आणि पलंग. पुलाच्या तोंडाशी शिंग वाजलं. मान वर केली तर पूलभर निशाणं लावलेली. तांबड्या-पिवळ्या झग्यातली माणसं, डोईला कापड बांधलेल्या बाया, लाकडी तलवारी घेतलेली पोरं, कोळशावर भाजणाऱ्या मांसाचा धूर, आणि खाली हिरवळीवर झूल पांघरलेला घोडा. पाठीवर पिशवी, हातात काठी, गळ्यात यात्रेकरूंची खूण असलेला शिंपला अशी मी त्या गर्दीत थांबले. एक म्हातारे गृहस्थ, तेही झग्यातच, माझ्याजवळ आले आणि शिंपल्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘पेरेग्रिना,’ म्हणजे यात्रेकरू बाई. त्यांनी पुढच्या माणसांना बाजूला व्हायला सांगितलं. तशी वाट होत गेली आणि मी पूल ओलांडला.

त्यांनी वाट का करून दिली, हे मला नंतर तिथला इतिहास वाचल्यावर कळलं. तो इतिहास तुम्हीही माहीत करून घेऊन जा, नाहीतर तिथे फक्त कपडे आणि घोडे दिसतील.

सन 1434. कास्तील्यच्या गादीवर दुसरा हुआन. लेओनच्या एका मोठ्या सरदार घराण्यातला सुएरो दे किन्योनेस हा पंचविशीचा तरुण एका स्त्रीच्या प्रेमात पडला होता. आपण तिचे बंदिवान आहोत याची खूण म्हणून तो दर गुरुवारी गळ्यात लोखंडी कडं घालायचा. त्या वर्षी 1 जानेवारीला मेदिना देल कांपो इथे तो राजापुढे गेला आणि या कैदेतून सुटण्याची खंडणी स्वतःच ठरवून घेतली: आपण आणि आपले नऊ साथीदार ओर्बिगोच्या पुलापाशी तळ देऊ, तिथून जाणाऱ्या प्रत्येक सरदाराला आव्हान देऊ, घोड्यावरून भाल्याने लढू आणि तीनशे भाले मोडू. राजाने परवानगी दिली. याच झुंजीला ‘पासो ओन्रोसो’ म्हणतात. मानाने राखलेली वाट, असा त्याचा अर्थ.

आता जागा आणि वेळ बघा. 25 जुलै हा संत सांतियागोचा दिवस. तो रविवारी आला की ते वर्ष पवित्र वर्ष धरतात आणि सांतियागोला जाणाऱ्यांची रीघ लागते. 1434 हे तसं वर्ष होतं. सुएरोने 25 जुलैच्या आधीचे पंधरा आणि नंतरचे पंधरा दिवस निवडले, म्हणजे 10 जुलै ते 9 ऑगस्ट. पूल निवडला तोही नेमका यात्रेच्या वाटेवरचा. युरोपभरचे सरदार त्या महिन्यात यात्रेच्या निमित्ताने तिथूनच जाणार होते. यात्रेकरू नसते तर ही झुंज कुणाशी झाली असती? त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला वाट करून दिली त्यामागे हे सहाशे वर्षांचं नातं आहे. धाकटीला माझं पहिलं सांगणं हेच. हा उत्सव यात्रेच्या पोटातून निघालेला आहे आणि तुम्ही तिथे पाहुण्या म्हणून जात नाही.

झुंजीचे नियम लेखी होते. कुणी उमराव स्त्री तिथून निघाली आणि तिच्या वतीने लढायला सोबत सरदार नसेल, तर तिने उजव्या हाताचा मोजा ठेवून जायचं. लढायची इच्छा नसलेल्या सरदाराने आपलं एखादं शस्त्र किंवा उजव्या बुटाला लावलेली, घोड्याला टोचायची लोखंडी आर ठेवून जायचं. पेरो रोद्रिगेस दे लेना नावाच्या लेखनिकाने रोजच्या रोज नोंद ठेवली: कोण आलं, कोणत्या फेरीत कुणाचा भाला मोडला, कुणाला कुठे लागलं. इतकं सगळं आज आपल्याला माहीत आहे ते त्याच्यामुळे.

मला सगळ्यात आवडतो तो संगमरवरी भालदार. निकोलास फ्रान्सेस या चित्रकाराकडून एक पुतळा करवून घेऊन तो लेओनमध्ये सान मार्कोसच्या पुलाजवळ उभा केला होता. हात पुढे केलेला आणि झुंजीच्या जागी इकडून जा, अशा अर्थाची अक्षरं. तुम्हीही लेओनमधून बाहेर पडताना सान मार्कोसवरूनच बेर्नेस्गा नदी ओलांडाल. तो भालदार आता तिथे नाही, पण वाट तीच आहे. तिथून ओर्बिगो बत्तीसेक किलोमीटर. हा सगळा टप्पा कंटाळवाणा म्हणून लोक नावं ठेवतात. त्या भालदाराचा हात डोळ्यांपुढे ठेवून चालून बघा.

तीनशे भाले मोडले नाहीत. अडुसष्ट सरदार येऊन लढले, मोडलेल्या भाल्यांची गणती 166 पर्यंत गेली आणि पुलाच्या बाजूचे बहुतेक सगळे जखमी झाले. 6 ऑगस्टला एस्बेर्ते दे क्लारामोन्ते हा आरागोनचा सरदार शिरस्त्राणाच्या फटीतून भाल्याचं टोक डोळ्यात शिरून जागीच गेला. असल्या खेळात मेलेल्याला चर्च पवित्र भूमीत जागा देत नसे. सुएरोने खटपट करूनही परवानगी मिळाली नाही आणि त्याला बाहेरच पुरावं लागलं. 9 ऑगस्टला पंचांनी वचन पुरं झालं असं जाहीर केलं आणि सुएरोच्या गळ्यातलं कडं काढलं. मग तो यात्रेला सांतियागोला गेला. त्याने वाहिलेली मानली जाणारी सोन्याचा मुलामा दिलेली पट्टी तिथल्या कॅथीड्रलमध्ये, धाकट्या संत सांतियागोच्या (हे दुसरेच संत) अर्धपुतळ्याच्या गळ्यात अजून आहे. सगळा पल्ला चालून तिथे पोहोचलात की ती जरूर बघा. पूल चाललेल्या माणसाला ती वेगळीच दिसते. सुएरो स्वतः 1458 मध्ये मारला गेला, तेही या झुंजीत पुलावर आलेल्या गुतिएरे दे किहादा या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या हातून.

क्लारामोन्तेबद्दल मुद्दाम लिहिलं. उत्सवात सगळं रंगीत असतं, पोरं टाळ्या पिटतात आणि त्यात काही वावगंही नाही. पण त्या हिरवळीच्या आसपास कुठेतरी एक माणूस हकनाक मेला आणि त्याला धड माती मिळाली नाही, हे ठाऊक असलेलं बरं. पुलावर दगडी स्तंभ आहेत, त्यांवर झुंजीतल्या सरदारांची नावं कोरलेली आहेत. गर्दी असली तरी तिथे दोन मिनिटं थांबा.

उत्सव मात्र सहाशे वर्षं चालत आलेला नाही, हेही स्वच्छ सांगते. आजचा उत्सव 1997 पासूनचा. एरवी हजारेक वस्तीचं शांत गाव. त्याने आपली गोष्ट स्वतः उचलली आणि जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी ती साजरी करायला घेतली. कपडे घरी शिवतात. दुकानदार, शाळेतल्या बाई, आजी-आजोबा सगळे वेशात. भाल्याचा खेळ करणारे स्वार सराईत असतात, बाकी गाव आपणच नटतं. मला हा मोकळेपणा आवडतो. आमचं सगळं प्राचीन आहे असा दावा तिथे कुणी करत नाही. प्राचीन आहे ती जागा. पुलाचा जुना भाग तेराव्या शतकातला, पुढे पुरांनी मोडला तसा पुन्हा पुन्हा बांधलेला. 1808-09 च्या हिवाळ्यात नेपोलियनच्या फौजेला अडवण्यासाठी त्याच्या काही कमानी उडवून दिल्या होत्या. त्याच्याही फार आधी, सन 456 मध्ये, याच नदीकाठी व्हिसिगॉथ टोळ्यांनी सुएव्ही टोळ्यांचा पराभव केला होता. गावाच्या नावातलं ‘ओस्पिताल’ हे संत जॉनच्या पंथाच्या सरदारांनी यात्रेकरूंसाठी चालवलेल्या धर्मशाळेवरून आलं आहे.

पूल बघून प्रत्येकाला एक प्रश्न पडतो. एवढीशी नदी आणि वीसेक कमानींचा पूल कशाला? वर बारियोस दे लुना इथे 1956 मध्ये धरण झालं आणि नदी आकसली. पूर्वी जिथे पाणी होतं तिथे आता गवत आहे, आणि भाल्यांचा खेळ त्याच गवतावर होतो.

आता व्यवहाराचं. तारखा जुळवाव्यात का, तर माझं उत्तर: हो, पण सैल हाताने. जूनचा पहिला शनिवार 2027 मध्ये 5 तारखेला येतो. कार्यक्रमाच्या नक्की तारखा तिथली नगरपालिका जाहीर करते, त्या एप्रिलमध्ये बघून घ्या. सें-जाँहून ओर्बिगो जवळपास पाचशे किलोमीटर आहे. तुमच्या वयाला आणि पहिल्या खेपेला दिवसाला बावीस किलोमीटर पुरे, आणि मध्ये एक विश्रांती हवीच. म्हणजे 12-13 मेला निघायला हवं. पण वाटेत पायाला फोड आला, गुडघा दुखला, पाऊस लागला, तर उत्सव गाठण्यासाठी पस्तीस-पस्तीस किलोमीटर मारू नका. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एक बाई शनिवार गाठायचाच म्हणून तीन दिवस लंगडत चालल्या आणि तिथे पोहोचल्यावर नडगी इतकी सुजली की त्यांना पुढची वाट सोडावी लागली. उत्सव दर वर्षी येतो.

2027 हे पवित्र वर्ष आहे, 25 जुलै रविवारी येतोय. त्यामुळे वाटेवर एकूणच गर्दी जास्त राहील, हे आधीच धरून चाला.

निजायचं कुठे, हा खरा कळीचा प्रश्न. यात्रेकरूंच्या धर्मशाळेला तिकडे ‘आल्बेर्गे’ म्हणतात. चर्चच्या आणि नगरपालिकेच्या आल्बेर्गेत बहुधा आगाऊ जागा धरता येत नाही, जो आधी येईल त्याला पलंग. खासगी आल्बेर्गेत धरता येते. उत्सवाच्या शनिवारी ओस्पिताल दे ओर्बिगोत पलंग मिळाला नाही तर नवल नाही, आणि मिळाला तरी रात्री उशिरापर्यंत ढोल वाजतात. मी दुसऱ्या खेपेला जे केलं ते सांगते. लेओनहून हमरस्त्याच्या कडेची वाट न धरता ला व्हिर्हेन देल कामिनोपाशी डावीकडे फुटणारी रानातली वाट घेतली आणि शुक्रवारी बियार दे मासारिफे इथे मुक्काम केला. शनिवारी सकाळी तिथून पंधराएक किलोमीटर चालून अकराच्या आत पुलावर. दिवसभर उत्सव पाहिला आणि संध्याकाळी अडीच किलोमीटर पुढे बियारेस दे ओर्बिगोत जाऊन झोपले, तिथली जागा आधीच धरली होती. जूनच्या सुरुवातीला त्या भागात सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे नऊ वाजता चालायला निघालात तरी लख्ख उजेड असतो. फक्त आल्बेर्गेचं दार दहाला बंद होतं हे विसरू नका, आणि उशिरा येणार असल्याचं सकाळीच फोन करून सांगा.

पोहोचल्याबरोबर खेळ बघायला धावू नका. आधी बूट काढा, पाय धुवा, मोजे बदला, पिशवी कुठेतरी ठेवा. पुलावर गोल गोट्यांची फरसबंदी आहे, थकलेल्या तळव्यांना ती टोचते. काठ्यांच्या टोकांना रबर लावा, गर्दीत कुणाच्या पायावर लोखंडी टोक पडायला नको. खेळ गवतावर उन्हात असतो आणि बराच वेळ उभं राहावं लागतं. टोपी आणि पाणी जवळ ठेवा.

खाण्याचं. तिथली नावाजलेली गोष्ट म्हणजे ट्राउट माशाचं सूप. मासे खात असाल तर सोडू नका, पाव घातलेलं, लाल मिरचीच्या पुडीचं, गरमागरम. तुमच्यापैकी थोरली शाकाहारी आहे असं लिहिलंय. तिने ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ हे तीन शब्दप्रयोग पाठ करावेत. मांस नको, मासा नको, हॅम नको. हॅमचं वेगळं सांगावं लागतं, कारण पुष्कळ ठिकाणी हॅमला कुणी मांसात धरतच नाही. लसणाच्या सुपातही ते सापडतं. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया सगळीकडे मिळते. ते आपलं ऑम्लेटच, फक्त जाडजूड. नाहीतर चीज, पाव, भाजलेल्या मिरच्या, चेरी. जूनमध्ये चेरी भरपूर असतात. थोडी रोख रक्कम हातात असू द्या.

आता धाकटीची शंका, कारण मला तीच महत्त्वाची वाटते. यात्रेत मन एका ठिकाणी लागलेलं असतं, तिथे गोंगाट झाला तर ते विसकटतं, हे खरं आहे. आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर मी नऊ वर्षं चालले आहे, म्हणून रिंगणाचं उदाहरण देते. रिंगणही पाहायला गेलं तर खेळच आहे. पताका, टाळ, मृदंग, हजारो माणसांचा गराडा, मध्ये घोडे धावतात. पण रिंगण बघून कुणा वारकऱ्याचं मन वाटेवरून उडत नाही. माऊलींच्या अश्वावर स्वार नसतो, त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात आणि दुपारी पुन्हा चालायला लागतात. पाय थकलेले असतात, रिंगणाने उलट बळ येतं.

ओर्बिगोचा घोडा देवाचा नाही. त्याच्यावर स्वार आहे, हातात भाला आहे, आणि गोष्ट प्रेमाची आणि मानपानाची आहे. तिथे मला भक्ती दिसली नाही आणि ती शोधूही नये. दिसली ती वेगळी गोष्ट. तीन आठवडे आपण गावांतून नुसते जात असतो. कुणाच्या अंगणापुढून, कुणाच्या द्राक्षमळ्याच्या कडेने, हात हलवून पुढे. कामिनोवर पालखी नाही, दिंडी नाही, प्रत्येक जण एकेकटा, आणि गावाशी आपला संबंध यात्रेच्या वहीतला शिक्का, पलंग आणि जेवण एवढाच उरतो. त्या एका दिवशी गाव आपली सगळी माणसं घेऊन वाटेवर येऊन उभं असतं आणि तुम्हाला त्यातून चालत जायला मिळतं. पहिल्या खेपेला संध्याकाळी एका घरच्या आजींनी मला ओट्यावर बसवून आपल्या नातवाचा झगा कसा शिवला ते उलटा करून दाखवला, आतली टीप न टीप. मला स्पॅनिश जेमतेम येत होतं, त्यांना मराठीचं नावही ठाऊक नव्हतं. शिवणीवर आमचं अर्धा तास बोलणं झालं. सबंध वाटेवर इतकं मन भरून मी कुणाशी बोलले नव्हते.

म्हणून धाकटीने यावं, आणि मन खरंच विटलं तर तासाभराने पुढे निघून जावं. बियारेस अडीच किलोमीटरवरच आहे. थोरलीने मागाहून यावं. दोघींनी सगळा वेळ बरोबरच राहायला हवं असं नाही.

वाटेवर दुसरेही सण लागतात. 12 मेच्या आसपास सांतो दोमिंगो दे ला काल्सादात तिथल्या संताचा उत्सव असतो, आणि 11 जूनला लोग्रोन्योत 1521 च्या वेढ्याची आठवण म्हणून मासा, पाव आणि वाइन वाटतात. तुमच्या तारखांत ते बसत नाहीत, तेव्हा त्यांच्यामागे लागू नका.

रविवारी सकाळी लवकर निघा. बियारेसला झोपला असाल तर वाट आपोआप बरोबर आहे. ओस्पितालातच राहिलात, तर गाव संपताना दोन वाटा फुटतात. डावीकडची हमरस्त्याच्या कडेने जाते, ती घेऊ नका. उजवीकडची बियारेस आणि सांतिबान्येसवरून, ओक आणि शेतांमधून चढत जाते. पुढे सांतो तोरिबियोच्या क्रूसापाशी उभं राहिलात की खाली आस्तोर्गाचं कॅथीड्रल आणि त्यामागे डोंगर दिसतात. निघण्याआधी मात्र पाच मिनिटं पुलावर परत जा. निशाणं अजून तशीच असतात, माणसं झोपलेली असतात, आणि चर्चच्या मनोऱ्यावरचे करकोचे चोचींचा खडखडाट करत असतात.